शनिवारची रात्र आणि दहा बटणांची पेटी

गोव्यात, वसईत किंवा वांद्र्यात एखाद्या ख्रिस्ती लग्नाला गेला असाल, तर हा क्षण ओळखीचा असेल. केक कापून झालाय, टोस्ट झालाय, बँडने दोन-चार संथ गाणी वाजवलीत आणि मग एकदम ‘जंबालाया’ सुरू होतं. नवरीची मावशी, नवऱ्याचे काका, दहावीतली पोरं, सगळे खुर्च्या सोडून जाइव्ह करायला उठतात. शब्द निम्म्या लोकांना पाठ असतात. पण जंबालाया म्हणजे काय, ‘बायू’ कुठे असतो, आणि मधूनच फ्रेंचसारखं काय कानावर पडतं, हे विचारलं की सगळे हसून पुन्हा नाचायला लागतात. मीसुद्धा कितीतरी वर्षं ते शब्द म्हणजे नुसते नाचाचे बोल समजत होतो.

त्याच कुळातलं आणखी एक गाणं आहे. आपल्याकडे ते फारसं पोचलं नाही, पण माझ्या मते ते जास्त मोठं आहे. मेरी चॅपिन कारपेंटर या अमेरिकन गायिकेचं ‘डाउन अ‍ॅट द ट्विस्ट अँड शाउट’. (बीटल्सनी गाजवलेलं ‘ट्विस्ट अँड शाउट’ वेगळं, त्याच्याशी याची गल्लत करू नका.) इथे ट्विस्ट अँड शाउट हे एका नाचाच्या हॉलचं नाव आहे. एका हॉलवर जीव जडला म्हणून लिहिलेलं हे गाणं. त्याची ओळख करून देताना ‘केजन ढंगाचं कंट्री गाणं’ असं म्हणतात. हा ढंग म्हणजे नेमकं काय, तो कुठून आला, आणि एका साध्या हॉलवर एवढं प्रेम का, ते एकेक करून पाहू.

## आधी गाणं

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेड्यापाड्यांत वाढलेलं आणि मुख्यतः नॅशव्हिल शहरातून रेकॉर्ड होऊन बाहेर पडणारं लोकप्रिय संगीत. गिटार, फिडल आणि सरळ गोष्ट सांगणारे शब्द. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवायची रीत निराळी.

कारपेंटरचं हे गाणं १९९० च्या तिच्या अल्बममध्ये आलं आणि १९९१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि १९९२ मध्ये कंट्री गायिकेसाठीचं ग्रॅमी पारितोषिक तिला या गाण्यासाठी मिळालं.

गाण्यातली गोष्ट एवढीशी आहे. शनिवारची रात्र. गाणाऱ्या बाईला नाचायला जायचंय. ती कबूल करते की आपण कधी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुईझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सला गेलेलो नाही, तिथल्या पाण्यातून कधी होडी हाकलेली नाही. तिथलं संगीत तिने रेडिओवर ऐकलं आणि ती त्याच्या प्रेमात पडली. आज ती उत्तरेत आहे, बाहेर गारठवणारा पाऊस आहे, मन उदास आहे. तेवढ्यात पेपरात दिसतं की बोसोले नावाचा बँड गावात येतोय. मग काय, आई-बाबांना घ्या, बहिणीला घ्या, आणि चला.

ज्या हॉलकडे ती निघाली आहे तो खरोखरचा होता. वॉशिंग्टन शहराला लागून मेरिलँड राज्यात बेथेस्डा नावाचं उपनगर आहे. तिथे माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेच्या हॉलमध्ये हे नाच व्हायचे. आपल्याकडे एखाद्या समाजाचा किंवा मंडळाचा हॉल असतो ना, लग्नाला, बारशाला, निवडणुकीच्या सभेला, सगळ्यालाच चालणारा, तसाच तो साधा हॉल. कारपेंटरची गायनातली सुरुवातही वॉशिंग्टनच्या आसपासच्या छोट्या क्लबांतच झाली. बोसोले बँडही खराच. तो लुईझियानातून तिथे येऊन वाजवायचा, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी कारपेंटरने त्याच बँडला स्टुडिओत बोलावलं. म्हणजे गाण्यात ज्यांची वाट पाहिली जाते, तेच लोक गाण्यात मागे वाजवत आहेत.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याकडे पुढे परत येऊ.

## केजन म्हणजे कोण?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आज ज्याला नोव्हा स्कोशिया म्हणतात त्या भागात, १६०४ पासून फ्रेंच लोक वस्ती करू लागले. त्या प्रदेशाला ते ‘अकादी’ म्हणत आणि स्वतःला ‘अकादियँ’. शेतकरी माणसं. त्यांची शेतीची पद्धत कोकण-गोव्याच्या माणसाला लगेच कळेल. समुद्राच्या भरतीचं पाणी जिथवर येतं त्या खाऱ्या जमिनीला त्यांनी बांध घातले आणि बांधात लाकडी झडपा बसवल्या. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जायचं, भरतीला झडप आपोआप मिटायची. गोव्याच्या खाजन शेतीतली मानस नेमकं हेच काम करते. दोन-तीन पावसाळ्यांनी मीठ धुऊन गेलं की ती जमीन सोन्यासारखी पिकायची.

१७१३ च्या तहात हा प्रदेश फ्रान्सने ब्रिटनला दिला. अकादियँ मात्र तिथेच राहिले, आपली भाषा आणि कॅथलिक धर्म सांभाळून. ब्रिटनच्या राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला ते तयार नव्हते, कारण मग फ्रान्सशी लढाई झाली तर आपल्याच भाऊबंदांवर बंदूक धरावी लागली असती. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना उचलून जहाजांत भरायला सुरुवात केली. घरं जाळली, बांधलेली शेतं जप्त केली. पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून जास्त माणसं अशी हुसकावली गेली. नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या, असंही झालं. जहाजांवर आणि परक्या बंदरांत रोगराईने हजारो मेले.

यातले काही लोक फिरत फिरत दक्षिणेला, त्या वेळी स्पेनच्या ताब्यात असलेल्या लुईझियानात पोचले. १७६५ मध्ये जोझेफ ब्रुसार नावाचा पुढारी सुमारे दोनशे जणांना घेऊन आला. ब्रिटिशांशी झुंजलेला माणूस. त्याला लोक ‘बोसोले’ म्हणायचे. बोसोले म्हणजे सुंदर सूर्य. १७८५ मध्ये आणखी सुमारे सोळाशे लोक फ्रान्समधून सात जहाजांनी आले. लुईझियानाच्या दलदलीत आणि पश्चिमेच्या गवताळ माळावर त्यांनी पुन्हा संसार मांडले.

‘अकादियँ’ बोलता बोलता पुढचा ‘अ’ गळून ‘कादियँ’ झालं, आणि इंग्रजी तोंडात त्याचं ‘केजन’. ‘महाराष्ट्री’ झिजत झिजत ‘मराठी’ झालं असं सांगतात, तसंच हे.

आता गाण्यातल्या त्या ओळीकडे परत पाहा. पेपरात बातमी आहे की बोसोले गावात येतोय. मायकेल डूसे या फिडलवादकाने १९७५ मध्ये बँड सुरू केला तेव्हा त्या पुढाऱ्याचंच नाव दिलं. बेथेस्डाच्या गार पावसात वाट पाहिली जाते आहे ती अडीचशे वर्षांपूर्वी हाकललेल्या लोकांच्या म्होरक्याच्या नावाची. नाचणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना हे ठाऊक नसेल. पण ठाऊक झालं की ती ओळ पहिल्यासारखी ऐकू येत नाही.

लुईझियानात हे लोक एकटे नव्हते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं, मूळचे चोक्टॉसारखे रहिवासी, जर्मन, स्पॅनिश, सगळ्यांशी देवाणघेवाण झाली आणि ती ताटात दिसते. ‘गंबो’ या त्यांच्या प्रसिद्ध रश्शाचं नाव मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधून आलं आहे, आणि मूळ शब्दाचा अर्थ आहे भेंडी. जंबालाया हा मांस, मासळी आणि भाज्या घालून एका भांड्यात शिजवलेला भात. ‘बायू’ हा चोक्टॉ भाषेतून आलेला शब्द. संथ वाहणारा, दलदलीतून वळणं घेत जाणारा ओहोळ. लग्नातल्या त्या गाण्याचं कोडं इथे निम्मं सुटलं.

## नाचाच्या हॉलची गरज काय होती?

सुरुवातीला हॉल नव्हतेच. शनिवारी एखाद्या घरातलं सामान अंगणात काढायचं, भिंतीला बाकं लावायची, शेजारपाजारच्या गावांना निरोप धाडायचा. नाच घरातच. मध्यरात्री गंबो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गर्दी घरात मावेना, मग मोठी लाकडी जमीन असलेले हॉल उभे राहिले.

या नाचांना ‘फे-दो-दो’ म्हणतात. हा शब्द कारपेंटरच्या गाण्यातही आहे. फ्रेंचमध्ये आई बाळाला निजवताना जे म्हणते ते हे. आपल्या ‘जो जो’ किंवा ‘गाई गाई कर’ सारखं. आता अंगाईचा शब्द नाचाला कसा चिकटला? हॉलला लागून एक खोली असायची. आया लेकरांना तिथे नेऊन निजवायच्या आणि मग स्वतः नाचायला मोकळ्या व्हायच्या. मूल लवकर झोपलं तर आईला रात्र जास्त मिळायची.

या एका शब्दात हॉलचा सगळा स्वभाव आहे. क्लब म्हटलं की तरुण पोरांची, अंधारातली जागा डोळ्यांसमोर येते. इथे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे यायचे. मुली आई किंवा मावशीबरोबर यायच्या, आणि त्या बायका बाकांवर बसून कोण कोणाबरोबर किती वेळा नाचलं यावर लक्ष ठेवायच्या. काही हॉलांत सड्या पुरुषांसाठी कठडा लावलेली वेगळी जागा असायची. नाच संपला की त्यांनी परत तिथे जाऊन उभं राहायचं. तिचं नाव फ्रेंचमध्ये ‘कुत्र्यांचा पिंजरा’! लग्नं इथे ठरायची, भांडणं इथे मिटायची आणि नवीही इथेच लागायची. गावाचा पार, मंगल कार्यालय आणि जत्रा एका छपराखाली, असं काहीसं. म्हणून कारपेंटरच्या गाण्यात आई-बाबांना घेऊन यायला सांगतात, त्यात नवल काही नाही.

यातल्या काही जागा आजही चालू आहेत. ब्रो ब्रिज गावात ‘ला पुसिएर’ आहे. नावाचा अर्थ धूळ. मामू या छोट्या गावातलं ‘फ्रेड्स लाउंज’ फक्त शनिवारी सकाळी उघडतं. सकाळी! आठ-नऊ वाजल्यापासून फ्रेंच गाणी सुरू होतात, लोक नाचतात, आणि ते सगळं १९६२ पासून रेडिओवरून ऐकवलं जातं.

## दहा बटणांच्या पेटीचं गणित

आता संगीताकडे. नाच मुख्यतः दोन. एक वॉल्ट्झ, तीन मात्रांचा; दादऱ्याच्या अंगाने मोजलात तर पाय बरोबर पडतात. दुसरा टू-स्टेप, चालत्या लयीचा, केरव्यासारखा. जोड्या हॉलभर गोल फिरत राहतात. लय कधी अडखळता कामा नये, कारण एक जोडी थांबली की मागची तिच्यावर आदळते. नाचासाठी वाजवायचं म्हणजे पहिलं काम लय धरून ठेवण्याचं.

सुरुवातीला फक्त फिडल होतं, बहुधा जोडीने. एक चाल वाजवायचं, दुसरं खालून ताल भरायचं. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत बनलेला छोटा अ‍ॅकॉर्डियन आला. केजन माणसाचा अ‍ॅकॉर्डियन म्हणजे शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदातला मोठा, पियानोसारख्या पट्ट्यांचा नव्हे. ही लाकडी खोक्यासारखी पेटी, उजव्या हाताला फक्त दहा बटणं.

आपली हार्मोनियम आणि ही पेटी नात्याने बहिणी. दोन्हींत हवेने धातूच्या पातळ पट्ट्या थरथरतात, तेच सूर. फरक हवेच्या दिशेत आहे. हार्मोनियमची पट्टी दाबली की भाता कसाही हलवा, सूर एकच येतो. या पेटीत एका बटणाचे दोन सूर. भाता आत दाबताना एक, बाहेर ओढताना दुसरा. माउथ ऑर्गन वाजवला असेल तर हे लगेच कळेल. फुंकलं की एक सूर, ओढलं की दुसरा. रचना जवळपास तीच.

यातून तीन गोष्टी घडल्या, आणि ‘केजन ढंग’ म्हणतात तो बराचसा या तिघींचा मिळून झालेला आहे.

चाल वाजवायला भात्याची दिशा सतत बदलावी लागते. प्रत्येक बदलाला छोटा धक्का बसतो. म्हणून सूर मींडेसारखे वाहत येत नाहीत, ठोके देत येतात. पेटी सूरही देते आणि तालही धरते.

दुसरं, या पेटीत कोमल-तीव्र सगळे सूर नाहीत, एकाच स्वरसप्तकाचे आहेत. जुन्या फिडलच्या गुंतागुंतीच्या चालींना या दहा बटणांत बसण्यासाठी साधं व्हावं लागलं. फिडलवाल्यांनी तर पेटीशी जमवून घ्यायला आपल्या तारा एक स्वर खाली उतरवल्या. काही हरवलं, हे खरं. पण जे उरलं ते कोणालाही लगेच ओळखू येईल असं धारदार झालं.

तिसरी गोष्ट आवाजाची. माइक नाही, दोनशे पावलं लाकडावर आपटताहेत, लेकरं रडताहेत. एका बटणामागे चार-चार पट्ट्या असलेली ही पेटी त्या गोंगाटाच्या वर ऐकू यायची. पण गाणाऱ्याचं काय? त्याला पेटीच्याही वर जायचं. म्हणून केजन गायक वरच्या पट्टीत, गळा ताणून, जवळजवळ हाक मारल्यासारखे गातात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज रडल्यासारखा वाटतो. शब्दही बहुतेक विरहाचे, मृत्यूचे, दूर निघून गेलेल्या प्रेयसीचे. आणि त्यावर लोक आनंदाने नाचतात. दुःखाचे शब्द नाचाच्या लयीत म्हणणं त्यांना मुळीच विसंगत वाटत नाही, आणि लावणीतली विराणी ऐकलेल्या मराठी माणसालाही वाटू नये.

ताल धरायला लोखंडी त्रिकोण असायचा, तोही जुन्या गवत ओढायच्या दाताळ्याचे दात वाकवून घरीच केलेला.

## शाळेने भाषा काढून घेतली तेव्हा

१९२१ च्या लुईझियाना राज्यघटनेने शाळांत फक्त इंग्रजीतून शिकवायचं ठरवलं. घरात फक्त फ्रेंच ऐकलेली पाच-सहा वर्षांची मुलं वर्गात बसली. ‘मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य इंग्रजीत शेकडो वेळा लिहायची शिक्षा त्या पिढीतल्या अनेकांना आठवते. लघवीला जायचंय हे इंग्रजीत सांगता येईना म्हणून कपडे ओले झालेल्या मुलांच्या आठवणी आहेत. ती मुलं मोठी झाली आणि त्यांनी ठरवलं की आपल्या पोरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही. घरात इंग्रजी सुरू झाली. दोन पिढ्यांत नातवाला आजीचं बोलणं कळेनासं झालं.

त्यांच्या भाषेची अडचण आणखी एक होती. मूळ फ्रान्सपासून तुटून दीडशे-दोनशे वर्षं झालेली, त्यामुळे तिच्यात जुने शब्द टिकलेले आणि आसपासचे नवे मिसळलेले. तंजावरच्या मराठीचं झालं तसंच. पुस्तकी फ्रेंच जाणणारे तिला अशुद्ध म्हणायचे, इंग्रजी बोलणारे गावंढळ म्हणायचे. दोन्हीकडून लाज.

अशा वेळी फ्रेंच मोठ्याने, चारचौघांत, अभिमानाने ऐकू यायची ती नाचाच्या हॉलात. शाळेत जे बोलायचं नाही ते शनिवारी रात्री गायचं. ज्यांना संभाषण येईनासं झालं त्यांच्याही तोंडी गाण्यांचे शब्द राहिले. हॉलवर एवढं प्रेम का, याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं उत्तर हेच.

१९६४ मध्ये ड्युई बाल्फा हा फिडलवादक दोन साथीदारांबरोबर न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवाला गेला. घरच्या एका वर्तमानपत्राने आधी खिल्ली उडवली होती की हे संगीत बाहेर नेऊन आपलीच शोभा होईल. न्यूपोर्टला हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाल्फा परतला आणि उरलेलं आयुष्य त्याने आपल्याच लोकांना आपल्या संगीताची किंमत पटवण्यात घालवलं. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंच जपण्यासाठी सरकारी मंडळ नेमलं. १९७४ मध्ये लाफायेत शहरात केजन संगीताला वंदना म्हणून मैफल झाली, तिला सुमारे बारा हजार लोक आले. मायकेल डूसे या लाटेतला. त्याने डेनिस मॅगीसारख्या म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन, समोर बसून चाली उचलल्या.

## मग कंट्रीवाल्यांनी काय घेतलं?

केजन संगीताची पहिली रेकॉर्ड १९२८ ची. जो फाल्कन पेटीवर आणि गायला, साथीला क्लेओमा ब्रो गिटारवर. तोवर लुईझियानात तेल सापडलं होतं, टेक्सासहून कामगार येत होते, रेडिओवर कंट्री वाजत होतं. १९३० च्या दशकात पेटी मागे पडली आणि फिडल-गिटारचे बँड पुढे आले. हॅकबेरी रॅम्बलर्स हा बँड खेड्यातल्या वीज नसलेल्या हॉलबाहेर आपली फोर्ड गाडी चालू ठेवायचा आणि तिच्यावर माइक चालवायचा. १९४६ मध्ये हॅरी शोट्सच्या फिडलवरचं ‘जोली ब्लॉन’ अमेरिकाभर गाजलं. म्हणजे कंट्री आणि केजन यांची सरमिसळ दोन्ही बाजूंनी होत होती. एक घेणारा आणि एक देणारा असं सरळ चित्र नाही.

१९५२ मध्ये हँक विल्यम्सने ‘जंबालाया’ गायलं. चाल ‘ग्रां टेक्सास’ या केजन गाण्याची. मूळ गाण्यात प्रेयसी सोडून दूर टेक्सासला निघून गेली आहे, त्याचं दुःख. विल्यम्सने ते काढलं, जेवणाखाण्याची आणि मजेची इंग्रजी गोष्ट घातली, फिडल आणि स्टील गिटारवर वाजवलं. ते कंट्रीच्या यादीत १४ आठवडे पहिलं होतं, पुढे १९७३ मध्ये कारपेंटर्स या भावंडांनी गायलं, आणि फिरत फिरत आपल्या लग्नांत आलं. (मेरी चॅपिन कारपेंटरचा या भावंडांशी संबंध नाही, फक्त आडनाव एक.)

विल्यम्सच्या गाण्यात केजन चव आहे, पण ती बाजारातल्या मालवणी मसाल्याच्या पाकिटासारखी. रस्सा चांगला होतो, मीही आवडीने खातो. कारपेंटरने मात्र मालवणी बाईलाच चुलीपाशी बोलावलं. डूसेचं फिडल, ती धक्के देणारी पेटी, हे नक्कल करून आणलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांचं नाव गाण्याच्या शब्दांत आहे. ऐकणाऱ्याला आवडलं तर पुढे कोणाला शोधायचं हे गाण्यानेच सांगितलंय.

## “पण हा हॉल लुईझियानात नाहीच!”

हा आक्षेप रास्त आहे. बेथेस्डा ते लाफायेत अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त. तिथे नाचणाऱ्यांत सरकारी नोकर, शिक्षक, वकील असणार. त्यांच्या आज्यांना कोणी फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा केली नव्हती. मग हे उसनं प्रेम नव्हे का?

मला दोन गोष्टी दिसतात. एक, गाणं स्वतःच खोटं बोलत नाही. मी तिथली आहे असा आव गाणारी बाई आणत नाही. पहिल्यांदा ती आपलं परकेपण सांगते, मग प्रेम. दुसरं, हे संगीत नाचणाऱ्यांसाठी आहे. वादकाला पोट भरायला लुईझियानातले शनिवार पुरत नाहीत. बोसोलेसारखा बँड देशभर हिंडून टिकला तो अशा दूरच्या हॉलांमुळे. बेथेस्डाच्या माणसाने वॉल्ट्झची पावलं शिकून, तिकीट काढून हजेरी लावली, तर त्यात लुईझियानाचं नुकसान नाही.

## “झायडेको म्हणतात ते हेच का?”

शेजारचं, पण वेगळं. लुईझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या लोकांचं, ज्यांना क्रिओल म्हणतात, त्यांचं संगीत म्हणजे झायडेको. त्यात ब्लूजचा, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या दुःखभरल्या गाण्यांच्या शैलीचा, अंश मोठा, आणि छातीवर पत्र्याचं कवच घालून ते चमच्यांनी किंवा बाटली उघडायच्या चावीने घासतात. क्लिफ्टन शेनिए हा त्याचा राजा. पण दोन्हींची मुळं एकमेकांत अडकली आहेत, आणि हॉलची गोष्ट सांगताना आमेदे आर्दवाँला वगळणं अन्याय होईल.

आर्दवाँ काळा क्रिओल पेटीवादक. त्याने १९२९ मध्ये गोऱ्या डेनिस मॅगीच्या फिडलबरोबर रेकॉर्ड केल्या. आज केजन म्हणून वाजणाऱ्या अनेक चालींवर त्याचा हात आहे. गोऱ्यांच्या नाचांत तो वाजवायला चालायचा, नाचायला नाही. असं सांगतात की एका रात्री वाजवताना घाम आला म्हणून घरधन्याच्या मुलीने त्याला आपला रुमाल दिला. गोऱ्या मुलीने काळ्या माणसाला रुमाल दिला एवढ्यावरून काही पुरुषांनी त्याला घरी जाताना गाठून मरणप्राय मारलं. तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. सगळं गाव एका छपराखाली यायचं असं मी वर लिहिलं, त्या गावाच्या सीमा कुठे होत्या हेही लक्षात ठेवून ते वाचायला हवं.

## “शब्दच कळत नाहीत, ऐकायचं काय?”

माझी रीत सांगतो. पहिल्यांदा शब्द सोडा आणि फक्त पेटी ऐका. भात्याची दिशा बदलताना येणारे धक्के मोजायचा प्रयत्न करा. दुसऱ्यांदा फिडल ऐका, ते कधी पेटीच्या गळ्यात गळा घालतं आणि कधी तिला सोडून खाली ताल धरतं. तिसऱ्यांदा शब्द. फे-दो-दो येईल, जोली ब्लॉन येईल, १९१० सालच्या वॉल्ट्झचा उल्लेख येईल. आता त्यातलं काहीच परकं वाटणार नाही. मग ‘ग्रां टेक्सास’ शोधून ऐका, आणि लगेच पाठोपाठ ‘जंबालाया’. एकाच चालीत आधी विरह आणि मग मेजवानी.

एक प्रसंग राहिला. २६ जानेवारी १९९७ रोजी अमेरिकन फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना, सुपर बोल, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये होता. सामन्याआधीच्या कार्यक्रमात मेरी चॅपिन कारपेंटर मैदानावर आली, सोबत बोसोले. हजारो लोक स्टेडियममध्ये आणि कोट्यवधी टीव्हीसमोर. आपण कधी न्यू ऑर्लिन्सला गेलो नाही असं म्हणणारी, बेथेस्डाच्या एका सैनिकी हॉलवर लिहिलेली ती ओळ, त्या दिवशी न्यू ऑर्लिन्समध्ये उभं राहून गायली गेली, आणि मागे डूसेचं फिडल आपल्याच राज्यात वाजत होतं.